मारुतीच्या मागे लागलेले मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका उतावळा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो आपल्याला भेटायच्या आत निघून गेलेला असेल. वडवणीला उतरायचं असलं की मामा दोन गावं आधीच जागेवरून उठून एसटीच्या दाराशी उभे राहतात. कंडक्टर बसा म्हणाला तर त्यालाच "तुमी बसा" म्हणतात. चहाला उकळी फुटायची वाट त्यांनी जन्मात पाहिली नसावी. त्यांच्या घरचा चहा मी वीस वर्षं कोमटच पितो आहे. आमच्या लग्नात पहिल्याच मंगलाष्टकाला मूठभर अक्षता एकदम टाकून ते पंगतीत जाऊन बसले होते. मागाहून कुणी तरी टोकलं, तर म्हणाले, "आता लागणारच हाय की लगीन. मी थांबून काय करू?"

तेलगावच्या रस्त्यावर त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरींवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी तिथं येतात. आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढा वेढा करून भरायची, असं ते काम. इतक्या धीराचं काम या माणसाला कसं जमतं, हे कोडं मला कधी सुटलं नाही. त्यांच्या हातांचा स्वभाव निराळा असावा. जीभ आणि पाय सतत घाईत, पण तार हातात आली की बोटं एखाद्या बाईनं वेणी घालावी तशी शांतपणे चालतात.

अशा माणसाच्या वाट्याला देवानं वाट बघणं दिलं. दुकानाखेरीज मामांची अडीच एकर जमीन आहे, कापसाची. तिच्यात जायची जुनी गाडीवाट गावच्या पुढाऱ्याच्या रानातून जायची. पुढाऱ्यानं एके वर्षी त्या वाटेवर नांगर घातला, तारेचं कुंपण ओढलं आणि मोसंबीची झाडं लावली. मामा विचारायला गेले, तर पुढारी हसून म्हणाला, "मिस्तरी, वाट कागदावर दाखवा, लगेच सोडतो." वाट कागदावर नव्हती, ती पिढ्यान्‌पिढ्या फक्त पायाखाली होती. मामांनी तहसिलीत अर्ज केला, तारखा पडू लागल्या. तोवर शेतात जायला ओढ्यातून वळसा. दुसऱ्याच हंगामात डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन येताना मामी ओढ्यात घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. अजून त्यांना त्या हातानं भाकरी थापता येत नाही.

त्या दिवसापासून मामा मारुतीच्या मागे लागले. रोज सकाळी आंघोळ झाली की ओल्या केसांनी देवळात जायचं, घंटा वाजवायची आणि खणखणीत आवाजात विचारायचं, "काय ठरलं मग?" प्रार्थना नाही, नवस नाही. कामावर उशिरा येणाऱ्या माणसाला मुकादमानं विचारावं तसं. पुजारी सुरुवातीला दचकायचा. पुढं तो मामा येताना दिसले की उठून बाहेर जाऊ लागला. मी एकदा सोबत गेलो होतो. मामा शेंदराच्या मूर्तीकडे बघत म्हणाले, "तुला सगळं दिसतंय न्हवं? मग गप कशापायी बसलायस?" आणि उत्तरासाठी फार तर अर्धा मिनिट थांबून चपला घालायला लागले.

देव काही करतो आहे की नाही, याची पाहणीही ते स्वतःच करायचे. पुढाऱ्याच्या घरावरून दिवसातून दोन खेपा. एकदा तो लंगडताना दिसला, तर मामांनी घरी येऊन मामींना शिरा करायला लावला. संध्याकाळी कळलं, नवा बूट चावला होता. एकदा त्याच्या दारात डॉक्टरची गाडी उभी होती. मामा दुकान उघडं टाकून धावले. डॉक्टर जेवायला आला होता. उलट पुढाऱ्याचं सगळं वाढतच गेलं. बोअरला पाणी लागलं, घरावर मजला चढला, सोसायटीच्या निवडणुकीत तो बिनविरोध आला. गावातल्या सप्ताहात पहिला हार त्याच्याच गळ्यात पडला, तोही मारुतीच्या समोर. मामा त्या दिवशी मंडपातून उठून आले आणि ओसरीवर येरझारा घालत राहिले. "अगं, ह्यो मारुती बघतू तरी का?" असं त्यांनी मामींना इतक्यांदा विचारलं, की शेवटी मामी म्हणाल्या, "बघत आसंल. तुमच्यासारखं पळत पळत बघत न्हाई एवढंच."

मग तो उन्हाळा आला. मी चार दिवस त्यांच्याकडे होतो. भर दुपारी दुकानासमोर जीप थांबली आणि दोघा गड्यांनी पुढाऱ्याच्या बोअरची मोटार खाली उतरवली. पूर्ण जळालेली. पाठोपाठ पुढारी उतरला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. "मिस्तरी, सगळीकडं फिरलो. प्रत्येकाकडं आठ-आठ दिवसांचं काम पडलंय. तेवढे दिवस माझी मोसंबी ऱ्हात न्हाई. तेवढं बघा."

मामांनी मोटारीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ठिवा तिकडं कोपऱ्यात," म्हणाले. "बघू."

त्या दुपारी मामांच्या चालीत जे बळ होतं, ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. घरी येताच त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. "धाडली का न्हाई मारुतीनं? माझ्याच दारात धाडली! आता मला काईच करायचं न्हाई. निस्तं बसायचं."

मामींनी ताटात ठेचा वाढला. डाव्या हातानं, उजवा मांडीवर होता. "कोणती झाडं वाळणार?" त्यांनी विचारलं.

"कोणती म्हंजी? त्याची मोसंबी."

"वाटंवर लावली ती?"

"तीच की!"

"आन् वाट कुणाची?"

"आपली!" मामा गरजले.

"मग झाडं आपल्या वाटंवर हायत," मामी म्हणाल्या. "आपल्याच वाटंवर झाडं वाळवत बसणार व्हय तुमी?"

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. नंतर म्हणाले, "तुला काई कळत न्हाई." पण पाणी पिताना त्यांचा पाय हलायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात त्यांनी तीन वेळा त्या मोटारीकडे पाठ फिरवून बसायचा प्रयत्न केला. "आठ दिस," ते मला बजावत होते, "आठच दिस बसायचंय, जावईबापू." नऊच्या सुमाराला उठले, मोटारीचं झाकण नुसतं उघडून पाहिलं. साडेनवाला जळकी तार बाहेर होती. मग ते जागेवरून उठलेच नाहीत. दुपारचं जेवण मी दुकानात नेऊन दिलं, तेही तसंच राहिलं. दिवस कलायच्या आत मोटार तयार झाली. शेवटचा वेढा घातल्यावर त्यांनी हात पुसले आणि रागानं म्हणाले, "उघडी मोटार मला बघवत न्हाई. ह्ये त्याला ठाऊक हाय, तरी माझ्याकडं धाडली. आता त्याचं काम बिघडलं तर म्या काय करू?" तो म्हणजे कोण, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

मोसंबी जगली. पुढाऱ्यानं गड्याबरोबर निरोप पाठवला की काम झकास झालं. वाट मात्र सोडली नाही. अर्जाच्या तारखा चालू आहेत.

यंदा दिवाळीनंतर वेचणीच्या वेळी मी गेलो होतो. आम्ही तिघं ओढ्याकडे निघालो, तर कुंपणापलीकडे मोसंबीच्या फांद्या फळांनी वाकलेल्या होत्या. पुढारी झाडांमधून हिंडत होता. त्यानं हात वर केला, "मिस्तरी, बरं हाय का?"

"बरं हाय," मामा म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर मला म्हणाले, "ह्यो रात्रीचा डाराडूर झोपतो, जावईबापू. म्या इचारलंय त्याच्या गड्याला. मग मी कशापायी जागं ऱ्हायचं? देवाचं देव बघंल. मीबी झोपतो आता."

आणि झपाझप पुढे निघून गेले. मामी माझ्याजवळ आल्या. "न्हाई झोपत," त्या हळूच म्हणाल्या. "नुसती कूस बदलत्यात. मला जाग येऊ नये म्हणून बोलत न्हाईत, एवढंच. लई दमलेत वो ते."

आम्ही ओढ्यापाशी आलो तेव्हा मामा पलीकडे पोचले असतील असं वाटलं होतं. पण ते गुडघाभर पाण्यात मधोमध उभे होते, मामींच्या दिशेनं हात पुढे करून.

"चला की," ते ओरडले, "किती वेळ लावता!"