खालून बघणाऱ्या आंटी

आंटी कुठलीही वस्तू आधी खालून बघायच्या. खुर्चीवर बसण्याआधी वाकून तिचे पाय तपासायच्या. सोसायटीच्या पूजेत सगळे आरतीत दंग असताना त्या स्टेजची झालर उचलून आत डोकावत होत्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. कुणी हसलं की म्हणायच्या, "वरून काय रे, सगळंच छान दिसतं."

अशी माणसं तुमच्याही आसपास असतील. आपण त्यांना चिकित्सक म्हणतो आणि जिन्यात दिसली की फोन कानाला लावतो. मीही लावायचो.

आंटी मूळच्या पापडी गावच्या, ख्रिस्ती. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्यभर यंत्रांचे नकाशे काढून निवृत्त झाल्या आणि आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहायला आल्या. भावाशी फोनवर त्यांच्या गावची बोली बोलायच्या, ती मला निम्मीच कळे. मी साताऱ्याकडचा. माझ्याशी मात्र शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी.

त्या वर्षी मला खूळ लागलं होतं. गाडीमागे ओढायचा, कच्च्या रस्त्यावरही नेता येईल असा छोटा ट्रेलर स्वतः बनवायचा. आत दोघांपुरता बिछाना, मागे ओटा. बायको म्हणायची, घरातला नळ वर्षभर गळतोय आणि ह्यांनी चाकांवर दुसरं घर काढलंय. तरी मी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत काम सुरू केलंच. कागदपत्रांची कथा वेगळीच, ती पुन्हा आठवायची माझी इच्छा नाही.

एका रविवारी आंटी आल्या, गुडघे धरून खाली वाकल्या आणि ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मोडेल कुठे?"

मी म्हटलं, मोडणार नाही, जाड पाइप घेतलाय.

"प्रत्येक गोष्ट कुठेतरी मोडते. कुठे, ते आधी ठरवायचं असतं."

माझी दांडी म्हणजे सांगाड्याच्या तोंडाशी वेल्ड केलेला एकच पाइप. सगळा हिसका त्या एका जोडावर येणार, हे त्यांनी मला पेन्सिलीनं काढून दाखवलं. त्यांच्या नकाशात दोन पाइप होते. ते सांगाड्याखालून पार मधल्या आडव्या पट्टीपर्यंत आत गेलेले, तिथे बोल्टनं आवळलेले आणि पुढे येऊन एकमेकांना मिळालेले. खाली ठळक अक्षरांत सूचना होती: पाइपच्या पोटावर आडवं वेल्डिंग करायचं नाही.

मी सगळं ऐकलं, फक्त ही सूचना सोडून. आपल्याकडे वेल्डिंग जितकं जास्त तितकं काम पक्कं, असा समज आहे आणि तो माझाही होता. वेल्डरला सांगून मी पोटावर दोन आडवे टाके मारून घेतले आणि वर रंग फासला.

काम बघायला आलेल्या आंटींचा हात खालून फिरत आला आणि त्या टाक्यांवरच थांबला. मी पटकन म्हणालो, वेल्डरनं परस्पर केलं. त्या म्हणाल्या, दोन्ही पाइप बदल. मी चिडलो. हा ट्रेलर आहे, पूल नाही, असंही बोलून गेलो.

"पूल जागेवर असतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "हा सुटला तर तू पुढे निघून जाशील. मागून स्कूटरवर येणाऱ्यानं काय करायचं?"

मी पाइप बदलले नाहीत. पुढच्याच आठवड्यात ट्रेलर घेऊन चिंचोटीकडच्या खडकाळ वाटेवर गेलो. परत निघताना सहज वाकून पाहिलं, तर आडव्या टाक्याच्या कडेपासून, वेल्डिंगच्या आचेनं पाइप कमजोर झाला होता तिथूनच, केसाएवढा तडा निघाला होता. रस्ता हायवेला मिळणार होता आणि हायवेवर माझ्या मागे किती माणसं असणार होती.

ट्रेलर टेम्पोत चढवून घरी आणला. सोसायटीत व्हायचं ते हसं झालं. आंटी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तो तडा बघितला आणि नवीन कागद काढला. मी कबूल केलं की टाके मीच मारायला सांगितले होते.

"माहीत आहे. वेल्डर कुणासाठी पदरचा रॉड जाळत नाही."

एवढंच. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, ना माझ्याजवळ ना आणखी कुणाजवळ.

दुसरी दांडी अगदी नकाशाबरहुकूम झाली. चाचणीला भुईगावच्या किनाऱ्यापर्यंत जायचं ठरलं. मी गाडीचं दार उघडून धरलं, तर आंटी माझ्या बायकोच्या स्कूटरवर मागे बसत होत्या. "चल गं, आपण ह्याच्या मागून जाऊ."

मी म्हटलं, आंटी, तुम्ही दोघी पुढे जा ना.

"का? काम नीट केलंस ना?"

नीट केलं होतं. तरीही भुईगावच्या अरुंद गल्ल्यांतून, एकेका गतिरोधकावरून जाताना मी समोर कमी आणि आरशात जास्त पाहत होतो. एवढ्या जपून मी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. किनाऱ्यावर पोचल्यावर आंटी उतरल्या, दांडीच्या पोटावरून हात फिरवला, तो रुमालाला पुसला आणि तुझ्या त्या ओट्यावर चहा होतो का, असं विचारलं. मला रडू आलं ते मी स्टोव्ह पेटवण्यात लपवलं.

आंटी गेल्या वर्षी गेल्या. पापडीच्या दफनभूमीत मीही मूठभर माती टाकली. त्यांचे आभार मी नीट असे कधी मानलेच नाहीत.

ट्रेलर अजून आहे. मी तो हळू चालवतो, म्हणून मागचे वैतागतात. परवा एक बाप लेकीला पुढ्यात उभं करून स्कूटरवर बराच वेळ माझ्या मागे होता. शेवटी हॉर्न वाजवत बाजूनं निघाला, मला दोन शिव्या दिल्या आणि लेकीला घेऊन पुढे गेला.