साडूभाऊंची काळी माती

उभ्या इंदूरमध्ये भंगारवाल्याला रिकाम्या बाटल्या विकणारे घरोघरी सापडतील, पण त्याच्याकडून त्या घासाघीस करून विकत घेणारा माणूस एकच होता, आणि तो माझा साडू होता. त्यांच्यावर काहीतरी लिहा म्हणून घरचे मला कितीतरी वर्षं सांगत आहेत. मी दर वेळी चष्म्याचा नंबर बदललाय, हात कापतो, आज ढगाळ आहे, अशी काहीबाही कारणं काढून टाळत आलो. खरं कारण असं, की त्यांच्यावर प्रामाणिकपणे लिहायचं तर मधे एका ठिकाणी मलाही यावं लागतं, आणि तिथे मी काही चांगला दिसत नाही. आता सत्त्याहत्तरावं चालू आहे. यापुढे चांगलं दिसण्याची हौस करण्यात अर्थ नाही.

माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, ते यजमान. ते मला साडूभाऊ म्हणत आणि मी त्यांना साडूभाऊ म्हणत असे, त्यामुळे कृष्णपुऱ्याच्या बाजारात आम्ही एकमेकांना हाका मारल्या की आजूबाजूच्या लोकांना वाटे, एकच माणूस हरवलाय आणि दोघे जण त्याला शोधताहेत. वीज खात्यात बाबू होते. पणजोबा संस्थानाच्या तोफखान्यात होते म्हणे. त्या घराण्याचा वारसा म्हणून दिवाणखान्याच्या भिंतीवर तलवार असायची, त्या जागी साडूभाऊंनी एनिमाचं भांडं टांगलं होतं. नवा पाहुणा त्याकडे बघू लागला की ते अभिमानाने सांगत, "शत्रू आता बाहेरचे राहिले नाहीत, भिया. आतले आहेत."

नैसर्गिक उपचारांचा नाद त्यांना कधी लागला ते ताईंनाही सांगता येत नसे. भंगारातून आणलेल्या बाटल्या उकळून, घासून, त्यांना रंगीत कागद गुंडाळून ते गच्चीच्या कठड्यावर ओळीने उन्हात ठेवत. निळ्या बाटलीतलं पाणी शांत झोपेसाठी, हिरव्यातलं पोटासाठी, नारिंगीतलं आळशी माणसासाठी. त्या बाटल्यांचं पूर्वायुष्य त्यांच्या आकारावरून सगळ्या गल्लीला कळत होतं, त्यामुळे एक नवे भाडेकरू कितीतरी दिवस साडूभाऊंना लांबून नमस्कार करत आणि ताईंकडे दयेने बघत. शेवटी एकदा ते धीर करून म्हणाले, "बाबूजी, इतनी पीना ठीक नहीं." साडूभाऊ म्हणाले, "बिल्कुल ठीक नहीं. दिन में दो कप, बस," आणि त्यांना हिरव्या बाटलीतलं अर्धा कप पाजूनच पाठवलं.

त्यांचा मूळ सिद्धांत असा होता, की आजार माणसाला होतच नाही. "बिमारी घराला होते हो. दिसते फक्त एकाच्या अंगावर." त्यामुळे एका पोराला खोकला झाला तरी ते अख्ख्या घराला गुळण्या करायला लावत; आजी, आजोबा, सून, मुलगा, सगळे मोरीपाशी रांगेत उभे. रोग्याची नाडी बघायच्या आधी ते घरात कोण कोणाशी बोलत नाही ते विचारत. औषध लिहून द्यायला त्यांच्याकडे कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. कुणाच्या तरी शुभविवाहाच्या पाठीमागे स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असे: 'लौकीचा रस एक वाटी. पोटाला माती अर्धा तास. मेथीच्या दोन जुड्या, सासू-सुनेने समोरासमोर बसून निवडणे. मोबाइल दुसऱ्या खोलीत.' एका सासूबाईंनी भाजीवाल्याकडून निवडलेली मेथी आणली, तर साडूभाऊ गंभीर होऊन म्हणाले, "मावशी, तुम्ही दवा फेकून दिली आणि बाटली घरी आणली."

पण वेडेपणा करत नसत. ताप तीन दिवसांत उतरला नाही, छातीत कळ आली, की स्वतः माणसाला रिक्षात घालून पलासियाच्या दवाखान्यात नेत आणि तिथल्या डॉक्टरांसमोर शाळकरी मुलासारखे हात बांधून उभे राहत. "मातीचं काम मातीनं करायचं, डॉक्टराचं डॉक्टरानं." स्वतःची रक्तदाबाची गोळीही रोज वेळेवर घेत; फक्त ती निळ्या बाटलीतल्या पाण्यासोबत.

त्यांच्या राज्यातला मोठा सण म्हणजे रविवारची सकाळ. त्या दिवशी गच्चीवर चटया पसरून पाच-सात कुटुंबं ओळीने झोपलेली असत, पोटावर आणि चेहऱ्यावर काळी माती, डोळ्यांवर ओली पट्टी. काळी माती माळव्याची, चाळलेली, रात्रभर भिजवलेली. नियम एकच: वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही. बोललं की चेहऱ्यावरच्या मातीला तडे जातात, आणि तडा गेला की साडूभाऊ पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं मोजत. शेजारच्या गल्लीतलं एक जोडपं लग्न झाल्यापासून भांडत होतं. त्यांना साडूभाऊंनी शेजारी शेजारी निजवून माती थापली. वीस मिनिटांनी तोंड धुतल्यावर बाई डोळे पुसत म्हणाली, "आज पहिल्यांदा यांनी माझं ऐकून घेतलं." ती एक अक्षरही बोललेली नव्हती. माती धुऊन झाली की ताई सगळ्यांना मोड आलेले मूग आणि पपई देत, पोरं टबांतून पाणी उडवत, म्हातारे कठड्याला टेकून ऊन खात, आणि दहा वाजेपर्यंत त्या गच्चीवर असा गलबला चाले की आजारी कोण होतं तेच आठवू नये.

आता मी येतो.

मला पित्त होतं. पलासियाला एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवून शिकवून मी ते कमावलं होतं. दुपारी डोकं ठणके, घशाशी आंबट येई. साडूभाऊंनी लग्नपत्रिका लिहून दिली: एकवीस दिवस, सकाळी पोटाला माती बांधायची, अर्धा तास बागेत दवाच्या गवतावर पडून राहायचं, कचोरी, जलेबी, सेव बंद. इंदूरच्या माणसाला सेव बंद म्हणजे काय ते इंदूरबाहेरच्यांना कळणार नाही. इथे पोह्यावर सेव नसेल तर लोक विचारतात, घरी काही झालं का? आणि उपचार घराला असल्यामुळे हे पथ्य माझ्या बायकोलाही लागू झालं. तिला काहीच झालं नव्हतं. तिने सेवचे डबे बहिणीकडे पोचवून दिले आणि एकवीस दिवस कोऱ्या पोह्यांवर काढले.

मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी मातीची पट्टी पोटाला, वर कुडता, असा बागेकडे निघालो आणि पाय आपोआप कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे, म्हणजे होळकरांच्या समाध्यांकडे, वळले. तिथे कोपऱ्यावर कढई चढलेली असते. पोहे, वर सेव, वर जीरावनाचा मसाला, शेजारी जलेबी, आणि दिवस भरून निघावा म्हणून एक कचोरी. पुढले अठरा दिवस माझी बाग तीच. गरम कढईपाशी उभं राहून पोटावरची माती वाळे आणि पायजम्यातून चपलांवर पडे. एक दिवस पोहेवाल्याने खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "मास्साब, आप में से मिट्टी झड़ री हे."

"घर में काम चल रहा है," मी म्हणालो.

"तो पलस्तर पेट पे करवा रिये हो क्या?"

घरी गेलो की बायको उरलेली माती ओल्या फडक्याने पुसे आणि विचारी, "गवत गार होतं का?" मी म्हणे, फारच गार.

एकविसाव्या दिवशी तिचा चेहरा उजळला होता आणि माझं पित्त जसंच्या तसं होतं. साडूभाऊ हातात वही घेऊन आले. त्या वहीत प्रत्येक रोग्याचं नाव, तक्रार आणि शेवटी निकाल लिहिलेला असे. पानंच्या पानं एकच शब्द: बरे, बरे, बरे. मी म्हणालो, "फरक नाही." त्यांनी पेन उघडलं आणि न लिहिताच वही मिटली. "परहेज तर बराबर केलं नं साडूभाऊ?" त्यांनी विचारलं. बायको तिथेच उभी होती. मी म्हणालो, "म्हणजे काय! तिलाच विचारा." आणि ती बिचारी म्हणाली, "अगदी काटेकोर, भावोजी."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण पुढच्या महिन्यात माझ्या नातवाचं बारसं होतं. सगळे नातेवाईक जमलेले. कोणीतरी विचारलं, "मातीचा काही फायदा झाला का हो?" चाळीस वर्षं वर्गात हशा पिकवलेला माणूस मी, समोर एवढे चेहरे वर उचललेले दिसले की जीभ ताब्यात राहत नाही. मी म्हणालो, "एकवीस दिवस माती बांधली. बटाटा असतो तर एव्हाना कोंब फुटले असते!"

असा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. पाळणा हलवणाऱ्या बायका दोरी सोडून हसल्या. सर्वांत मोठ्याने साडूभाऊ हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. संध्याकाळपर्यंत एका भाच्याने कोंब फुटलेल्या बटाट्याचा फोटो करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्याला माझा चष्मा लावलेला होता. साडूभाऊंनी खाली दोन हात जोडलेले टाकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं सुप्रभात.

मग रविवारी लोक गच्चीच्या जिन्यातच एकमेकांना विचारू लागले, "क्यों भिया, अंकुर आया?" हसत हसत एकेक घर यायचं थांबलं. माणूस हसण्यासारख्या गोष्टीवर विश्वास ठेवायला लाजतो. दिवाळीपर्यंत गच्चीवर दोनच चटया उरल्या, साडूभाऊंची आणि ताईंची. ते भांडणारं जोडपंही येईनासं झालं, त्यांच्या खिडकीतून पुन्हा आवाज येऊ लागले, ते साडूभाऊ गच्चीतून ऐकत आणि नुसते म्हणत, "माती सुटली."

त्यांनी मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट महिन्याभराने लोणच्याच्या सात बरण्या घेऊन आले. प्रत्येकीत वेगळी माती, प्रत्येकीवर चिठ्ठी: विहिरीच्या काठची, वारुळाची, नदीच्या वळणाची. बसने कुठे कुठे जाऊन स्वतः खणून आणलेली. "साडूभाऊ, तुम्ही परहेज केलं, हिच्या बहिणीनं केलं. मग चूक तुमची कशी असेल? माझी मातीच कच्ची होती. यातली एक तरी लागू पडेल, देखना." मी त्या बरण्या माडीवर ठेवल्या. गुडघे दुखत असताना हा माणूस माझ्या कचोरीसाठी वारुळं खणत होता.

मी सांगायचं ठरवलं. एकदा त्यांना मुद्दाम खजरान्याच्या गणपतीला घेऊन गेलो. म्हटलं, देवापुढे तरी जीभ वळेल. दर्शन घेऊन पायरीवर बसलो. मी घसा साफ केला. तेवढ्यात तेच म्हणाले, "इथे खोटं बोलू नये, म्हणून सांगतो साडूभाऊ. तुमच्या बाबतीत मी चुकलो. मला माफ करा." आणि माझ्या हातावर मोदक ठेवला. माफी मागायला गेलेला मी माफ करून परत आलो. इतकं लाजिरवाणं दर्शन कोणी घेतलं नसेल.

त्यानंतर वर्षं अशीच गेली. दर वेळी उद्या. मागच्या हिवाळ्यात ताईंचा फोन आला, हे आता फार थकलेत, भेटून जा. बायको आत ताईंपाशी बसली आणि मी गच्चीवर गेलो. ते चटईवर बसले होते, शेजारी घमेल्यात भिजवलेली माती. मला बघून चेहरा असा खुलला, की बाटल्यांवरचं ऊन फिकं वाटावं. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "साडूभाऊ, आज एक गोष्ट सांगायलाच आलोय."

"सांगा की. पण आधी वीस मिनिटं. बऱ्याच दिवसांनी गच्चीवर पेशंट आलाय, बोलण्यात नका घालवू." आणि त्यांनी मला निजवलं, कपाळाला, गालांना, ओठांच्या कडेपर्यंत माती लावली, डोळ्यांवर ओली पट्टी ठेवली. मग स्वतःच्या चेहऱ्यालाही लावून शेजारी आडवे झाले. नियम नियम होता. माती गार होती, ऊन कोवळं होतं, खाली कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मी आत वाक्य जुळवत होतो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या छातीत काही जळत नव्हतं. वीस मिनिटं भरली तेव्हा मी पट्टी काढली. साडूभाऊ गाढ झोपले होते, श्वास संथ चालला होता. चेहऱ्यावरची माती सबंध, कुठे एक तडा नाही. त्यांना उठवावंसं वाटेना. म्हटलं, पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी त्या गच्चीवर सगळी कुटुंबं आली होती. चटया कमी पडल्या, लोक जिन्यात उभे होते, आणि मला ज्यांना सांगायचं होतं ते नव्हते. ते भांडणारं जोडपंही आलं होतं, एकमेकांचा हात धरून. ताईंनी नंतर ती वही मला दिली. माझ्या नावापुढे त्यांनी शेवटी लिहिलं होतं, 'गुण नाही. चूक माझी.' ती ओळ मी आज खोडतो आहे. त्या दिवशी मातीखाली जुळवलेलं वाक्य काही मोठं नव्हतं.

साडूभाऊ, माती चांगली होती. कचोरी मी खाल्ली. मला माफ करा.