गार फरशीवर

बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणीचं काम करतो. मशीनवरून उतरलेला प्रत्येक सुटा भाग माझ्या टेबलावर येतो, मी तो मायक्रोमीटरमध्ये धरतो आणि केसाएवढा जरी फरक दिसला तरी बाजूला काढतो. या सवयीमुळे मला जेवायला वाढतानाही तिला भीती वाटते, असं माझी बायको सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. ती कोणालाच भीत नाही. पण एवढं खरं की लेक झाली तेव्हा मी तिलाही तसंच पाहिलं. बोटं मोजली, नखं पाहिली, दोन्ही कानांच्या पाळ्या सारख्या आहेत का ते पाहिलं. डावी पाळी किंचित मोठी निघाली. मी ती पास केली.

पहिले दोन-तीन महिने बाळ नुसतं झोपतं, असं म्हणणाऱ्यांनी बाळाकडे नीट बघितलेलं नसतं. आमची लेक तेव्हाही कामात असायची. खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर सरकायची, तिच्यामागे तिचे डोळे सरकायचे. मग एक दिवस तिला स्वतःची मूठ सापडली. ती मूठ तिने डोळ्यांसमोर धरली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली, उघडून आत काही आहे का तेही पाहिलं. मी बायकोला म्हटलं, "ही माझ्या खात्यात येणार." बायको म्हणाली, "आधी तिला मान धरू दे."

पालथी पडायला शिकली तेव्हा एक हात अंगाखाली अडकायचा. तो काढायला ती जी झटापट करायची ती बघून मला घाम फुटायचा. मदतीला गेलं की ती जास्तच चिडायची आणि लालबुंद व्हायची. हात सुटला की मात्र लगेच मान उंच करून सगळ्यांकडे बघायची, कोणी पाहिलं का म्हणून. रागीटपणा माझा आहे यावर घरात एकमत झालं. मला त्याचं जरासं कौतुकच वाटलं.

आता माझ्या आईबद्दल सांगितलं पाहिजे. आम्ही कलबुर्गीजवळच्या आळंदचे. तिकडच्या उन्हात अंगणात वाळत टाकलेली मिरची दुपारपर्यंत कडकडीत होते, आणि माणसंही साधारण तशीच. आई बायकोच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूत बनशंकरीला आमच्याकडे आली तेव्हा एप्रिल होता. बेंगळुरूचे लोक उकाड्याच्या नावाने खडे फोडत होते आणि आईने पेटीतून स्वेटर काढला. "हे काय गाव हाय का बर्फाची पेटी?" तिने विचारलं. तेव्हापासून ती बेंगळुरूच्या हवेशी वैर धरूनच वागली.

या वैरातली तिची मुख्य शत्रू म्हणजे फरशी. आमच्या फ्लॅटमध्ये पांढऱ्या चकचकीत टाइल्स आहेत. आई त्यांच्यावरून चपला घालून चालायची आणि तरीही पावलं आखडून घ्यायची. "आपल्या शहाबादी फरशीत ऊब असती. हिच्यात जीवच न्हाई. लेकराच्या हाडात गारवा शिरंल," असं म्हणून तिने लेकीला जमिनीपासून तोडलं. डोक्याला कुंची, अंगात दोन झबली, पायांत स्वतः विणलेले लोकरीचे मोजे. पाळण्यातून मांडीवर, मांडीवरून पलंगावर, पलंगावरून कडेवर. सात महिन्यांनंतर लेक बसायला लागली तेव्हा दिवाणावर चौघडी गोधडी घालून तिच्यावर बसवायची, आणि शेजारी आई पहाऱ्याला. दुधापेक्षा साय जपायची असते, हे तिचं पालुपद.

आम्ही दोघांनी यात काही हरकत घेतली नाही. उलट सुखावलोच. बायकोचं ऑफिसचं काम घरातूनच चाले, आणि आई असली की ती निर्धास्त मीटिंगला बसायची. मी मेट्रोने संध्याकाळी घरी आलो की हात-पाय धुऊन थेट लेकीला उचलायचो. तीन मोठी माणसं आणि एक बाळ, तेव्हा एक तरी मांडी कायम रिकामी असायची.

त्या गोधडीवर बसल्या बसल्या लेकीने काय काय केलं! शिवणीतून निघालेला दोऱ्याचा एक तुकडा तिने पहिल्यांदा पूर्ण पंजाने ओढून पाहिला. जमलं नाही. मग चार बोटांनी. मग कितीतरी दिवसांनी अंगठा आणि पहिलं बोट एवढ्यांनीच, अगदी अलगद. मी जागेवरून हललो नाही. अशी चिमूट यायला आमच्या कारखान्यात नव्या माणसाला वर्ष लागतं. कुकरची शिट्टी झाली की ती स्वयंपाकघराकडे बोट करायची. खालच्या मजल्यावरच्या अक्का आल्या की बेलच्या आवाजावरूनच ओळखायची आणि टाळ्या पिटायची. नाचणीची पेज आवडली नाही की तोंड मिटायची नाही, पेज तोंडात साठवून ठेवायची आणि आपण हसलो की ती आपल्यावर सोडायची. हुशारीत कुठे म्हणून कमी नव्हती.

फक्त ती रांगत नव्हती.

हे पहिल्यांदा उघडकीला आलं ते संक्रांतीला, तिच्या बोरन्हाणात. बायकोच्या आईने पुण्याहून हलव्याचे दागिने पाठवले होते. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, अशी लेक पाटावर बसली. अक्का आपल्या नातवाला घेऊन आल्या होत्या. तो आमच्या लेकीहून थोडा लहानच. "हे आमच्यातही असतं, आम्हीपण बोरं ओततो," असं त्या कौतुकाने म्हणाल्या. मग आईने लेकीच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे ओतले आणि इमारतीतली मुलं ते वेचायला तुटून पडली. अक्कांचा नातू चार पायांवर सपासप चुरमुऱ्यांतून आला, लेकीच्या पायाजवळचं बोर उचललं आणि तसाच सपासप परत गेला. लेक बघत राहिली. तिने बोराकडे हात केला, अंग पुढे झुकवलं आणि तिथेच थांबली. पुढे कसं जायचं हे तिला ठाऊकच नव्हतं.

"अंबेगालु इडल्वा इन्नू?" अक्कांनी विचारलं. अजून रांगत नाही का? विचारलं होतं प्रेमानेच. मी "इल्ला अक्का", म्हणजे नाही, एवढंच म्हणालो आणि चुरमुरे गोळा करायला वाकलो, कारण माझा चेहरा मला कोणाला दाखवायचा नव्हता.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात भुंगा शिरला. लेकीच्या पायांत काही दोष तर नाही? बनशंकरी ते पीण्या मेट्रोत मी रोज फोनवर परक्यांची बाळं रांगताना बघायचो. आठ महिन्यांची, सात महिन्यांची, एक तर सहा महिन्यांचं. बायको तोंडाने "प्रत्येक मुलाचा पेस वेगळा असतो" म्हणायची आणि आंघोळीच्या वेळी लेकीचे पाय दाबून बघायची. मीही बघायचो, एकमेकांच्या नकळत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. आमच्या लेकीचे दिसायला आधी मोजे काढावे लागत. आईने तेलाची मालीश दिवसातून दोनदा सुरू केली आणि बनशंकरी देवीला नारळ बोलली. फेब्रुवारी उजाडला तरी लेक जिथे ठेवू तिथेच. शेवटी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आईही आली.

डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी कुंची काढली, मोजे काढले, पाय वाकवले, सरळ केले, तळव्याला बोट लावलं. लेकीने त्यांच्या हाताला अशी लाथ मारली की त्या हसल्या. मला काही हसू येईना. मी आतल्या आत फक्त म्हणत होतो, पास कर, बाई, पास कर.

"पाय उत्तम आहेत," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "दिवसभरात जमिनीवर किती वेळ असते?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे, मी आईकडे, आईने छताकडे. उत्तर शून्य होतं.

"मग रांगणार कुठे? हवेत?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोजे काढा, बाळाला खाली सोडा आणि महिन्याभराने दाखवा."

कारखान्यात नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, माल चुकीचा आला तर मालाकडे बघत बसू नका, आधी मशीनचं सेटिंग बघा. आणि घरी महिनाभर मी मालाकडेच बघत बसलो होतो. क्लिनिकच्या पायऱ्यांवर मला इतकं हसू फुटलं की बायकोने लेकीला माझ्याकडून काढून घेतलं. मग तीही हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आई हसली नाही. रिक्षात ती मोजे मुठीत धरून बसली होती. "माझ्यामुळं लेकरू मागं पडलं," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "अगं, आम्ही दोघं काय झोपलो होतो?" पण तिने ऐकून घेतलं नाही. अति तेथे माती हे ती इतरांना सांगत आली होती. आता स्वतःवरच आलं. रात्री जेवताना म्हणाली, मी आता आळंदला जाते. बायकोने तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाली, "आधी ही रांगू दे, मग बघू." आईला असं दटावून ठेवण्याची धमक घरात फक्त बायकोकडेच आहे.

लेकीला खाली सोडणं दिसतं तेवढं सोपं नव्हतं. पोटावर ठेवली की भोकाड पसरायची. मग हात रेटून बघितले, तर गाडी मागे गेली. तिला हवं होतं पुढचं खेळणं आणि ती जात होती सोफ्याखाली. खेळणं दूर दूर चाललेलं पाहून तिला जो संताप यायचा! पण सोडत नव्हती. उताणी व्हायची, परत पालथी व्हायची, परत रेटायची. मी मोठ्या माणसांना याहून कितीतरी कमी अपयशावर राजीनामे देताना पाहिलं आहे. आईला हे बघवत नसे. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवायची.

मग एका रविवारी सकाळी मी पेपर वाचत होतो, आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने चपला दाराशी काढल्या. पदर कमरेला खोचला. टीपॉयला धरून आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि माझी पासष्टीची, गुडघेदुखीने जिना टाळणारी आई त्या गार फरशीवर चार पायांवर उभी राहिली.

"आई, काय करतेस?"

"गप बस. तिला दिसू दे."

ती लेकीच्या समोर गेली. एक हात पुढे, मग गुडघा. दुसरा हात, मग दुसरा गुडघा. प्रत्येक गुडघ्याला तोंडातून "स्स्" निघायचं, ते दाबून ती "असं बघ, सोनं, असं" म्हणायची. लेक रडायची थांबली. एवढी मोठी आजी आपल्या उंचीवर आलेली तिने कधी पाहिली नव्हती. तिने आजीच्या हातांकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं, पूर्वी स्वतःच्या मुठीकडे बघायची तसं बारकाईने पाहिलं. त्या दिवशी काही झालं नाही. आईने दुसऱ्या दिवशीही तेच केलं, तिसऱ्या दिवशीही. बायको मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बघत बसायची. आणि त्याच आठवड्यात लेकीने पोट उचललं, थोडी डुलली, उजवा हात पुढे टाकला आणि गुडघा त्याच्यामागे ओढून आणला. एकदा जमल्यावर मग कोणाच्या बापाचं ऐकते! टीपॉयभोवती आजी पुढे आणि नात मागे अशी वरात निघाली. मला इतका आनंद झाला की मी पेपर फाडला, का ते मला आजही सांगता येणार नाही.

वाढदिवस चारपाच दिवसांवर आला होता, तेव्हाची गोष्ट. रांगायला आता शिकवणीची गरज उरली नव्हती, पण खेळ दोघींनाही सोडवत नव्हता. फेऱ्या मारता मारता आई मधेच थांबली. तिचे गुडघे धरले होते. टीपॉय हाताच्या टप्प्यात नव्हता, पुढे जाता येईना, उठता येईना. चेहरा दुखण्याने वाकडा झाला. मी धावलो, तिच्या काखेत हात घातले आणि उचलणार, एवढ्यात तिने मान हलवली. लेक मागून येऊन तिच्या कुशीशी पोचली होती. तिने आजीचा पदर धरला, मग कंबर धरली, एक पाऊल फरशीवर टेकवलं, दुसरं टेकवलं, आणि आजीच्या पाठीवर दोन्ही पंजे रोवून हळूहळू सरळ होत गेली.

"आई, तुला उठवू का?" मी कुजबुजलो.

तिच्या डोळ्यांतून पाणी फरशीवर पडत होतं, पण पाठ तिने जराही हलू दिली नाही.

"थांब," ती म्हणाली. "लेकरू उभं राहिलंय."