आप्पांना न सांगितलेलं दूध

मी गाव सोडलं ते कोथिंबिरीच्या टेम्पोतून. आमच्या जुन्नरकडच्या गावातून भाजीचे टेम्पो माळशेज घाट उतरून कल्याणच्या मार्केटला जातात. बबनदादाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एक जागा असायची, ती त्या दिवशी मला मिळाली. मागे जुड्या रचलेल्या, त्यावर ओली गोणपाटं. आईने माझ्या मांडीवर खव्याच्या पोळ्यांचा डबा ठेवला आणि दोनदा उघडून पुन्हा बंद केला. आप्पा बबनदादाला गाडी सावकाश हाक म्हणून बजावत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तिकडं पिशवीचं दूध मिळतं. त्यात काय राम नसतो. मी धाडीन."

रडारड वगैरे आमच्या घरात नाही. बीएस्सी झालेली पोरगी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागली, याचा आप्पांना अभिमान होता. चार म्हशींच्या गोठ्यातली एकुलती एक मुलगी निघून गेल्यावर धारा कोण काढणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. गप्प बसायची सवय मला तिथूनच लागली असणार.

आप्पांनी शब्द पाळला. आठवड्यातून दोनदा दूध यायचं. तापवून गार केलेलं, किटलीला ओलं फडकं गुंडाळलेलं, बबनदादाच्या पायाशी ठेवलेलं. सुरुवातीला मी डोंबिवलीजवळ दिव्याला भाड्याच्या खोलीत राहायचे. तिथे प्यायला पाणी मिळायची मारामार, पण माझ्याकडे घरचं दूध! शेजारणी म्हणायच्या, "तुझी मजा आहे बाई." खरंच होती. लग्न झालं, आम्ही डोंबिवलीत वन बीएचके घेतला, आणि किटली तिथेही येऊ लागली. तुमच्यापैकी जे असेच घाट उतरून आले, त्यांना वेगळं सांगायला नको. कुणाच्या घरून तांदूळ येतात, कुणाच्या घरून भुईमुगाच्या शेंगा. आपण इथले झालो तरी आपलं पोट काही वर्षं तिकडेच राहतं.

मग रेवा झाली. अकरा महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा वरचं दूध दिलं, अर्थात आप्पांचंच. चार चमचे. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, ती घशातून विचित्र आवाज काढायला लागली. प्रशांतने, माझ्या नवऱ्याने, तिला उचलून रिक्षा गाठली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पुढे तपासण्या झाल्या आणि निकाल आला. दुधाची अॅलर्जी. दूध, दही, तूप, लोणी, सगळं बंद. मोठी होईल तशी जाईलही, म्हणाले. अजून गेलेली नाही.

प्रशांत त्याच संध्याकाळी म्हणाला, "आप्पांना फोन कर." मी म्हटलं, करते. केला नाही. आप्पांच्या दुधाने त्यांची नात सुजली, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? आमच्या घरात दुधाला कुणी नको म्हणत नाही. आई म्हणायची, "दुधाला नाय म्हणू नये, लक्ष्मी रुसती." ताप असो, पोट बिघडलेलं असो, पेला समोर आला की रिकामा करायचा. शिवाय दोन वर्षांची झाली की जाईल, मग सांगायचं तरी कशाला, असा माझा हिशेब. लॅबमध्ये मी एका थेंबाची चूक खपवून घेत नाही. घरी मात्र असले हिशेब चालतात माझे.

किटली येत राहिली. मी ते दूध शेजारी वाटायचे, आमच्या चहाला वापरायचे, आणि कधी नासलं तर सिंकमध्ये ओतायचे. ओतताना नळ मोठा सोडायचे.

रेवा तीन वर्षांची असताना आई गेली. दिवस झाल्यावर आप्पांनी तीन म्हशी विकल्या. चौथीचं, चंद्रीचं, काय करायचं म्हणून त्यांनी मला फोन केला. "आता माझ्याच्यानं व्हत नाय. पण रेवाला दूध लागतंय ना? एक ठिवू का?" सांगायची याहून चांगली वेळ पुन्हा आली नसती. मी म्हटलं, "ठेवा." म्हैस असली की त्यांचं मन रमेल, हे मी प्रशांतला सांगितलेलं कारण. खरं कारण एवढंच, की मला भीती वाटली.

पुढच्या वर्षी चंद्री व्याली. व्यायल्यावरचं पहिलं दूध, तो चीक, आमच्याकडे विकत नाहीत. लेकीबाळींच्या घरी धाडतात. बबनदादा चीक घेऊन आला आणि पाठोपाठ आप्पांचा फोन. "खरवस कर, आन् पोरगी खातानाचा फोटू धाड." मी गूळ-वेलची घालून खरवस केला. बशी रेवापुढे ठेवली, तिला हसायला सांगितलं, फोटो काढला आणि बशी उचलली. रेवा चार वर्षांची. तिने विचारलं, "आई, आता खायचं?"

त्या प्रश्नानंतर मी नारळाच्या दुधाच्या मागे लागले. लाज वाटली की माणूस कामाला लागतं. रेवाच्या मैत्रिणीकडे डब्यातलं घट्ट गोड दूध बोटाने चाटून खायची पद्धत होती आणि हिला ते फक्त बघता यायचं. मी ठरवलं, हे हिला घरी करून द्यायचं. आधी सोयाबीनचं दूध आटवलं, त्याला उसळीचा वास आला. काजूचं केलं, ते खाली बसलं. मग नारळ. पहिल्यांदा आच मोठी ठेवली तर तेल सुटून वर तवंग आला. दुसऱ्यांदा साखर शेवटी घातली आणि गार झाल्यावर ती कचकचायला लागली. शेवटी जमलं ते असं: दोन नारळ खोवून, कोमट पाण्यात वाटून, फडक्यातून पिळून फक्त पहिलं घट्ट दूध घ्यायचं. दोन वाट्या दुधाला अर्धी वाटी साखर, मिठाची कणी, सगळं सुरुवातीलाच. जाड बुडाच्या पातेल्यात, बारीक गॅसवर पाऊण तास ढवळायचं. निम्मं झालं आणि चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की उतरवायचं. गार झालं की आणखी घट्ट होतं.

ढवळताना माझ्या लक्षात आलं, की माझा हात आईसारखा फिरतोय. खवा आटवताना ती पातेल्यासमोरून हलत नसे. तिने गोठ्यातल्या दुधासाठी शिकवलेलं मी गोठ्याला फसवण्यासाठी वापरत होते.

रेवाला ते प्रचंड आवडलं. पोळीला लावून, खिरीत, वाढदिवसाच्या केकमध्ये, आणि मुख्य म्हणजे बोटाने. तिला मी दोन नियम शिकवले. पहिला: कुणीही काहीही दिलं तरी मोठ्याने सांगायचं, मला दूध चालत नाही. दुसरा: आजोबांना फोनवर सांगायचं, दूध खूप छान होतं. चार वर्षांच्या पोरीला मी खोटं बोलायला शिकवलं, तेही जिवावरच्या गोष्टीत, आणि तिने ते शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं.

गेल्या वर्षी आप्पा गोठ्यात पडले. हातात धारेची चरवी होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आम्ही त्यांना डोंबिवलीला आणलं, हॉलमधल्या दिवाणावर त्यांची सोय केली. चंद्रीला शेजारचे रामभाऊ बघत होते. आता आप्पांना सगळं कळणार हे मला दिसत होतं. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज काहीतरी निमित्त निघायचं. ड्रेसिंग आहे, फिजिओथेरपीवाला आलाय, आज त्यांना झोप लागलीय.

तिसऱ्या आठवड्यात रामभाऊंनी बबनदादाबरोबर किटली धाडली. मी दूध तापवलं, कोमट झाल्यावर आप्पांसाठी पेला भरून ओट्यावर ठेवला आणि लॅबचा फोन आला म्हणून बाल्कनीत गेले. पाच मिनिटं बोलले असेन. परत आले तर रेवा दिवाणासमोर उभी, दोन्ही हातांत पेला. आप्पा कौतुकाने सांगत होते, "आपल्या चंद्रीचं हाय. येकदा माझ्या डोळ्यांदेखत पी." पेला ओठांजवळ पोचला होता. रेवाने माझ्याकडे पाहिलं, दोनपैकी कुठला नियम पाळायचा, असं.

मी पेल्यावर हात मारला. दूध आप्पांच्या चादरीवर, जमिनीवर.

"अगं, दूध हाय ते!" आप्पा ओरडले.

रेवा रडायला लागली. "तूच सांगितलेलं ना, आजोबांना नाही सांगायचं! मी पिणार नव्हते. मी नुसतं ओठांना लावणार होते, फोटोसारखं."

मी आधी तिचं तोंड आणि हात धुतले, ओठ दहा वेळा बघितले. काही झालं नव्हतं. मग आप्पांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. चार चमचे, इंजेक्शन, खरवसाचा फोटो, फोनवरची पाठ केलेली वाक्यं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"तुझ्या आईला ठावं व्हतं?"

"नाही."

"मग दूध कुठं जायचं?"

शेजारी द्यायचे, एवढं सांगून भागलं असतं. पण म्हटलं, आता नाही. "शेजारी द्यायचे. आणि नासलं की सिंकमध्ये ओतायचे, आप्पा."

त्यांनी मान भिंतीकडे केली. दोन दिवस ते जेवले, औषधं घेतली, वॉकर धरून चालले, पण माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी रामभाऊंना फोन लावला. "चंद्री दिऊन टाक. कापायवाल्याला नको. दुभत्याच्या घरी दे." फोन ठेवला आणि टीव्हीवर बातम्या लावल्या. रामभाऊंनी आठवडाभरात तिला पलीकडच्या वाडीत दिली. आमच्या गोठ्यात आता त्यांचा कडबा असतो.

त्यानंतरच्या रविवारी मी रेवासाठी नारळाचं दूध आटवत होते. आप्पा वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि खुर्चीवर बसले. माझ्या ढवळत्या हाताकडे बघत होते. मी म्हटलं, "आप्पा, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

ते म्हणाले, "दोन वरसं मला सकाळी उठवत नव्हतं गं. गुडघं धरायचं. वाटायचं, पडून ऱ्हावं. मग म्हणायचो, ऊठ गड्या, पोरगी दुधाची वाट बघत आसंल."

हा त्यांचा राग होता की माझ्यामुळे उठत राहिले म्हणून बरं वाटणं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही. विचारायचा धीर झालेला नाही. माझा हात थांबला होता, एवढं खरं.

आप्पांनी नाक वर केलं. "लागलं बघ खाली."

लागलंच होतं. मी घाईने पातेलं उतरवलं, वरवरचं काढून वाटीत घेतलं, गार केलं. रंग बदामी आला होता, दिसायला बरं होतं. मी चमचा आप्पांपुढे धरला. चवीपेक्षा मला त्यांच्याकडून क्षमेचा एखादा शब्द हवा होता, हे कबूल करते. "बघा ना, चालेल?"

आप्पांनी चाखलं. तोंड वाकडं केलं. "करपलंय. आन् गोड तरी किती! मला नको बाई हे."

रेवाने बोट बुडवून चाटलं, आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, मला पण नको."

आणि दोघं हसायला लागली. मी वाटी हातात घेऊन उभी होते, आणि मला रडू आलं.

घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी इतकी वर्षं घाटावरच्या गावाचं नाव सांगत आले. आप्पा इथेच राहिले, त्या घराला आता कुलूप आहे आणि त्याची किल्ली थोडी तरी माझ्या 'ठेवा' या एका शब्दाने फिरवली आहे; चंद्री ठेवली नसती तर ते गोठ्यात पडले नसते. त्याची टोचणी जाणार नाही, जाऊही नये. पण त्या घरात मला जे 'नको' कधी म्हणता आलं नाही, ते इथे एका म्हाताऱ्याने आणि एका पोरीने बिनदिक्कत माझ्या तोंडावर म्हटलं. तेवढ्याला मी आता घर म्हणते.