गाडीला झोपवणारे साईं

बाळूला मी कामावरून काढलं तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. आज सहासष्टाव्या वर्षी मागे पाहते, तर ती बाई भारीच अल्लड वाटते. आमची शिरगावला रोपवाटिका. नवी कोरी पिकअप दोन-तीन दिवसांआड सकाळी सुरूच व्हायची नाही. बॅटरी उतरलेली. नवी घातली, तीही उतरली. मग अल्लड बाईने शोध लावला: ड्रायव्हर बाळू संध्याकाळी गाडीत बसून गाणी ऐकतो. बाळू बारवीकडच्या पाड्यावरचा. घरी म्हातारी आई, बायको, दोन पोरं, आणि सगळी भिस्त या पगारावर. "मावशी, देवाशपथ नाही," म्हणाला. देवाचं नाव काढलं म्हणून माझा संशय आणखीच वाढला.

बाळू गेला. बॅटरी उतरतच राहिली. शेवटी मीच गाडी चालवत उल्हासनगरला साईंकडे नेली. (वाटेत रिक्षावाले मला आदराने वाट देत होते. आदरच असावा.)

साईं सत्तरीचे सिंधी गृहस्थ, गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. पण हातात पाना घ्यायची घाई नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीतून किती वीज जातेय ते दाखवणारा मीटर वायरीत जोडला, गाडी लॉक केली, चावी समोरच्या चहावाल्याकडे ठेवायला दिली आणि स्टुलावर बसले. मला वाटलं, मी पळून जाईन म्हणून चावी लांब ठेवली!

"अहो, काम सुरू करा की!"

"हळू बोल, अदी. झोपतेय ती." अदी म्हणजे सिंधीत बहीण. "आजकालच्या गाडीत पंधरा-वीस छोटे कॉम्प्युटर. लॉक केलं की एकेक करून झोपतात. मधे दार उघडलं तर सगळे परत जागे."

बाकीचे मेकॅनिक फ्यूज उपटत सुटतात. साईं मीटरच्या दोन सुया फ्यूजच्या डोक्यावर अलगद टेकवत. उपटला तर जाग येईल म्हणून! मी तीन पोरं वाढवली, पण झोपलेल्या जिवाचा इतका मान कधी राखला नाही. माझी पद्धत एकच, धपाटा.

अर्ध्या तासात मीटरचा आकडा खाली आला. म्हणजे गाडी झोपली; ती निरोगी होती. "मग ड्रायव्हरनेच..." मी सुरू केलं.

"पहले नापेंगे, फिर बोलेंगे," साईं म्हणाले. शेजारचा दुकानदार भावाची तक्रार घेऊन आला, त्यालाही हेच उत्तर. मग माझ्याकडे वळले, "माझ्याकडे झोपते, तुझ्याकडे झोपत नाय. घरी येतो मी."

रविवारी आले. "रोज करते तसंच सगळं कर," म्हणाले. मी गाडी भिंतीला लावली, त्यांनी मीटर जोडला, मी लॉक केली. तास झाला, आकडा हलेना. साईं आता गाडीकडे बघतच नव्हते, भिंतीकडे बघत होते.

"चावी किधर?"

"देवापुढे." पहिल्या टेम्पोपासूनचा आमचा रिवाज. गाडी उभी केली की चावी देवाच्या पायाशी.

"आणि देव?"

मी त्याच भिंतीकडे बोट दाखवलं. देव्हारा पलीकडच्या बाजूला, गाडीपासून जेमतेम दोन हातांवर.

टेम्पोची चावी म्हणजे लोखंडाचा तुकडा. या गाडीची चावी नुसती जवळ असली तरी गाडीला कळतं. साईं म्हणाले, "तिला वाटतं, मालकीण दारात उभी आहे. मालकीण उभी असताना नोकर झोपेल काय?"

चावी मी लांब, कुंड्यांच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. थोड्या वेळाने आकडा उतरू लागला. थांबला, पुन्हा उतरला. एखाद्या मोठ्या घरात कुणी एकेका खोलीतला दिवा मालवत जावा तसा. मी नकळत हात जोडले. देव्हाऱ्याकडे पाठ होती.

वायरी गुंडाळताना साईंनी एवढंच विचारलं, "तो ड्रायव्हर कुठे राहतो?"

साईं आता नाहीत. घरात काही हरवलं, तर आजही मी आधी स्वतःची पिशवी उलटी करते, मग तोंड उघडते.

त्या रविवारी दुपारीच मी गाडी घेऊन पाड्यावर गेले. बाळू दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करत होता. बांधावर उभी राहून मी सगळं सांगितलं, देव्हाऱ्यासकट, आणि हात जोडून माफी मागितली. त्याने हातपाय धुतले, चावी घेतली, मला शेजारी बसवून गाडी सुरू केली. रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला,

"मावशी, गाडी झोपत नव्हती ते साईंच्या मीटरवर दिसलं. दोन महिने माझी आई झोपली नाही, ते कशावर दिसणार होतं?"