सड्यावरचे पांढरे बाण

गौर आणायच्या दिवशी गावच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, एक कुटुंब फुललेल्या तेरड्यात चटई अंथरून बसलं होतं. बाप मुलीला सांगत होता, "अजून आत लोळ, फोटोत मागे गुलाबी दिसलं पाहिजे." तिच्या पाठीखाली रोपं मोडत होती.

मला संताप आला. "अहो, उठा. फुलं आहेत ती, गादी नाही."

तो शांतपणे म्हणाला, "काका, नकाशातच लिहिलंय, बसायला हीच जागा उत्तम."

नकाशा माझाच होता. वाटाड्याशिवाय कुणालाही रानफुलं पाहता यावीत म्हणून मी तो छापला, कातळावर ऑइलपेंटने बाण काढले. फुलं पाहिली की माणसं ती जपतील, असं सगळ्यांना सांगत सुटलो. खरं तर नकाशाखालचं माझं नाव मला फुलांहून जास्त आवडत होतं.

एवढ्यात शेजारच्या सुमनकाकी रिकामं सूप घेऊन आल्या. दरवर्षी त्या इथूनच तेरड्याची चार रोपं मुळासकट नेतात. आमच्याकडे तीच गौर. चटईकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, तुमचे पाव्हणे माझ्या गौरीवर बसलेत."

काकींसारख्या गावातल्या बायकांना इथे यायला कधी बाण लागले नाहीत. लागेल तेवढंच त्यांनी नेलं आणि सडा फुलत राहिला. जगाला वाट दाखवण्याआधी मी त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं.

काकी पुढे गेल्या. मी दगड घेऊन बाण खरवडायला बसलो. जांभ्या कातळाच्या छिद्रांत शिरलेला रंग निघेना.

मागून त्या बापाने विचारलं, "काका, बाण पुसलेत तर आम्ही परत कसे जाणार?"