सेकंदबाईंची मोजणी

सेकंदबाईंना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. रेकॉर्ड फिरत असे तोवर त्या खोलीत फेऱ्या मारत. उजव्या मुठीत शर्यतीला वापरतात तसलं स्टॉपवॉच, डाव्या हातात कार्ड, पेन्सिल कानावर. गाणं संपलं की अंगठा दाबायचा, आकडा लिहायचा, लगेच पुढची रेकॉर्ड. चहा खिडकीत निवून जाई. "बसा ना बाई," म्हटलं की म्हणत, "बसले का वेळ जाते गा भाऊ."

धंतोलीत एका ट्रस्टचा रेकॉर्डींचा संग्रह होता. खाली कानाचा दवाखाना, वर आम्ही. सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटरवर यादी करायला मला तिथे घेतलं, त्याच्या आदल्या वर्षी गच्चीवरची टाकी फुटली होती. रेकॉर्डी वाचल्या, पण शेकडो रेकॉर्डींवरचा नावाचा कागद भिजून गळून पडला. कुठली कोणाची, काही कळेना.

बाई मात्र कित्येक वर्षांपासून प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही बाजू किती मिनिटं, किती सेकंद चालतात ते कार्डावर तिच्या नावापुढे लिहीत आल्या होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लोक हसत, 'सेकंदबाई' हे नाव त्यातूनच पडलं. त्या म्हणत, "नाव काय, कोणीही चिटकवते. लांबी लबाडी नाही करत." आता त्या कार्डांशिवाय दुसरा आधारच उरला नव्हता.

मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप करायचा, पुढे दोन्ही बाजूंची लांबी, मग एंटर. खाली हिरव्या अक्षरांत रेकॉर्डचं नाव येई. दुसरा शब्द टाइप केला की तीच माहिती कॅसेटच्या चिठ्ठीवर छापून मिळे. पहिलं नाव उमटलं तेव्हा बाई येरझारा थांबवून पडद्यापुढे उभ्या राहिल्या. "माह्या कार्डायले वाचा फुटली," म्हणाल्या, आणि पुढच्याच क्षणी, "चाला, दुसरी लावा."

ती घाई मला जाचायला लागली. रविवारीही यायचं, जेवण उभ्यानं. एकदा मी वैतागून विचारलं, "बाई, रेकॉर्डी पळून चालल्यात का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. ऐकलंच नसेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

एक दिवस कोराडीच्या वीज केंद्रातले एक फोरमन आले. पिशवीत जुनी रेकॉर्ड, तिच्यावर ना नाव ना गाव. "माझे वडील याच्यात सारंगी वाजवून राहिले," ते म्हणाले. "माय इथंच दवाखान्यात भरती आहे. अर्धं अंग गेलं, बोलता येत नाही. तिले हे आयकवायचं आहे, पण ही रेकॉर्ड नुसती खरखर करते."

बाईंनी दोन्ही बाजू मोजल्या. तीन मिनिटं चार सेकंद, तीन मिनिटं अकरा. मी आकडे टाकले, एंटर दाबलं. पडद्यावर दोन नावं आली. दोन वेगळ्या गायिका, लांबी हुबेहूब तीच. दोन्ही रेकॉर्डींच्या चांगल्या प्रती आमच्याकडे होत्या. मी दोन्ही वाजवल्या. पहिलीत स्वच्छ पेटी होती. दुसरीत गाण्यामागून सारंगी अशी काही निघाली की फोरमन खुर्चीतून उठलेच.

बाई यंत्राशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू विचारलं, "सारंगी कोणत्यात आहे?"

मी दुसऱ्या रेकॉर्डकडे बोट केलं. माझा चेहरा बघून, मला कळलंय हे त्या समजल्या. फोरमन त्या गाण्याची कॅसेट भरून घेऊन गेल्यावर म्हणाल्या, "डावा कान गेला. उजवा जाऊन राहिला. सुई आतल्या काठाले लागली का डोयानं दिसते, म्हणून मोजणं चालू आहे. खालचे डॉक्टर म्हणतात, उपाय नाही. कोणाले सांगू नको." त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा 'तू' म्हणाल्या.

मी सांगितलं नाही. मीच त्यांचे कान झालो. गाणं संपलं की हात वर करायचो, त्या अंगठा दाबायच्या. येरझारा पूर्वीसारख्याच, उलट वाढल्या.

आठवड्यानं फोरमन पेढे घेऊन आले. ट्रस्टचे सचिवही त्या दिवशी आलेले. "बाई!" फोरमननी दारातूनच हाक मारली. "मायनं कॅसेट सरेपर्यंत माझं मनगट सोडलं नाही!" बाई पाठमोऱ्या, कार्डं चाळत होत्या. त्यांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा हाक मारली. बाईंची पाठ हलली नाही. सचिव बाईंकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली.

महिन्याभरात बाईंना शाल-श्रीफळ देऊन निरोप झाला. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी संगीताच्या संग्रहात काय करायचं, असा सचिवांचा ट्रस्टच्या सभेत सवाल होता. त्याला उत्तर होतं, मला ठाऊकही होतं, पण त्या सभेत मी तोंड उघडलं नाही. एकशे चाळीस रेकॉर्डी मोजायच्या राहिल्या होत्या. बाई पारशिवनीला भावाकडे गेल्या.

यादी पुरी झाल्यावर छापील कागदांची चळत घेऊन मी पारशिवनीला गेलो. त्यांनी अंगणात उभ्यानंच ती वाचायला घेतली. ओळीओळीवरून बोट फिरत होतं. शेवटच्या पानांवर ते थांबलं. "हे एकशे चाळीस कोणी केले?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"सगळे पुरे आयकले?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मी मान हलवली, नाही. सुई लावून मी स्टॉपवॉच समोर ठेवायचो आणि पेपर वाचत बसायचो. सुई काठाला लागली की आकडा टिपायचो.

बाई रागावतील असं वाटलं. त्यांनी चळत नीट सरळ करून माझ्या हातात दिली. मग जरा मोठ्यानं, आपला आवाज आपल्याला न कळणाऱ्या माणसासारखं म्हणाल्या, "आयकून घे गा भाऊ. तुले आयकू येते."

परत जाऊन मी त्या एकशे चाळीसांतली पहिली रेकॉर्ड लावली आणि पेपर दूर सारला.